ताकीच्या हातावरचा शेवटचा पाव

"यावर तुम्ही दोघंही विश्वास ठेवणार नाही," आर्मंड थिबोडोने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आणि ठेवलात, तर माझा तुमच्यावरचा विश्वास उडेल."

रोकोने गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "मग सांगूच नकोस. ऊन चढायच्या आत आम्हाला निघायचंय."

"ऊन चढलंय."

ते मात्र खरं होतं. ऑगस्टमधल्या फ्लोरिडात ऊन उगवतानाच चढलेलं असतं. वसाहतीतली घरं म्हणायला चाकांवरची, पण चाकं कधीच निघालेली आणि विटांवर टेकलेली. हिवाळ्यात इथे उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांची जत्रा भरते. उन्हाळा आला की सगळे खिडक्यांना पत्रे ठोकून परत जातात, आणि मग गल्लीभर पत्र्याचे डोळे मिटून पडलेली घरं तेवढी उरतात. त्या ओळीत माणसं राहत होती ती तीनच घरांत. एकात आर्मंड, एकात रोको आणि एकात लुर्देस. तिघंही ऱ्होड आयलंडमधल्या वूनसॉकेट गावची. चौथा होता मॅनी, लुर्देसचा नवरा. तो आता लुर्देसच्या मांडीवर बिस्किटांच्या डब्यात होता.

स्मशानवाल्यांनी राख प्लास्टिकच्या खोक्यात घालून दिली होती. लुर्देसला ते खोकं आवडलं नाही. मॅनीला बटरची बिस्किटं आवडायची, म्हणून तिने त्याला त्या निळ्या डब्यात हलवलं. आता ती गाडीच्या पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं, पाय बाहेर खडीवर, दोन्ही हात झाकणावर. मागे डिकीत बॅगा भरून झाल्या होत्या. रोको तिला वूनसॉकेटला पोचवून विमानाने परत येणार होता.

जायची इच्छा तिला नव्हती. गावातलं घर विकून झालं होतं. आता राहायचं ते नणंदेच्या तळघरातल्या खोलीत. खोलीला एकच खिडकी, तीही फुटपाथाच्या उंचीला. दिवसभर दुसऱ्यांचे बूट बघायचे, आणि हिवाळा आला की आपले गुडघे धरून बसायचं. पण मॅनी जाताना बोलून गेला होता. हॉस्पिटलात अन्नाला तोंड लावेना, म्हणून आर्मंडने खालून कुठून तरी एक हॉट डॉग आणला, वर मिरचीचा लाल रस्सा ओतलेला. मॅनीने तो उघडून पाहिला, परत झाकून ठेवला आणि म्हणाला, "लुर्देस, मला इथे ठेवू नकोस. जिथे खरा वीनर मिळत नाही तिथे माणसाने कायमचं राहायचं कसं?" संध्याकाळी तो गेला. थट्टा केली की मनापासून बोलला, हे कोणालाच कळलं नाही, कारण मॅनी दोन्ही एकाच चेहऱ्याने करायचा. लुर्देसने ती आज्ञा मानली. एवढंच म्हणाली, "या अख्ख्या राज्यात एक जरी खरा सापडला, तर त्याला दारातल्या त्या लिंबाच्या झाडाखाली ठेवते आणि बॅगा उतरवते."

तेव्हापासून आर्मंड गाडी घेऊन फिरत होता.

खरा वीनर, म्हणजे गावाकडचा हॉट डॉग, कसा ते वूनसॉकेटच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाकीच्या जगाला कितीही सांगितलं तरी कळत नाही. सॉसेज लांब दोरीसारखं येतं आणि सुरीने तोडतात, म्हणून त्याची दोन्ही टोकं सपाट. पाव वाफेवरचा, भाजलेला नव्हे. वर आधी मस्टर्ड, मग मसाल्याच्या वासाचा बारीक खिमा, मग चिरलेला कांदा, मग सेलरीचं मीठ. हाच क्रम, दुसरा नाही. आणि हे सगळं ताटलीत लागत नाही. बनवणारा बाही दुमडतो, डावा हात उताणा आडवा धरतो, मनगटापासून कोपरापर्यंत पाव ओळीने मांडतो आणि उजव्या हाताने सपासप भरत जातो. गिरणीची शिफ्ट सुटली की शंभर माणसं एकदम दारात. एवढ्यांना ताटल्या कोण मांडत बसणार? गिरणी गेली, तरी हात राहिला.

आर्मंडला सापडलं ते असं: एकाने पाव भाजला, एकाने चीज किसलं. एकीने टोमॅटो सॉसची बाटली पुढे केली तेव्हा आर्मंडने टोपी काढून छातीशी धरली. एका पाटीवर 'उत्तरेकडची खास सँडविचं' असं वाचून तो आशेने आत शिरला आणि निदान डायनामाइट तरी मिळेल का म्हणून विचारलं. वूनसॉकेटात खिमा, ढोबळी मिरची आणि टोमॅटो तासन्‌तास शिजवून लांब पावात भरतात, त्या सँडविचला डायनामाइट म्हणतात. काउंटरवरच्या बाईने त्याच्याकडे बघत बघत हात टेबलाखाली नेला. आर्मंड उलट्या पावलांनी बाहेर आला. निदान तो तरी असं सांगायचा. याच आर्मंडची कवळी कालव्यात पडली होती आणि मगरीने ती तिसऱ्या दिवशी घासून, दारात आणून ठेवली होती, हेही तोच सांगायचा.

"तर काल," आर्मंड म्हणाला, "मी आतल्या बाजूला गेलो होतो. संत्र्यांच्या बागा संपतात तिथे."

"तिथे काही नाहीये," रोको म्हणाला. "मी पाहिलंय."

"तू पाहिलंस तेव्हा नव्हतं."

भर दुपारची वेळ. उजेड इतका पांढरा, की झाडांच्या सावल्यासुद्धा झाडाखालीच घुसून बसल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडीचा एसी केव्हाच बिघडलेला, खिडक्या उघड्या. आणि त्या उघड्या खिडकीतून वास आला. वाफेवरच्या पावाचा, मसाल्याच्या खिम्याचा, सेलरीचा. आर्मंडने गाडी हळू केली. वास पुढे गेला. आर्मंडने वेग वाढवला, तर वास शेजारच्या सीटवर येऊन बसला. त्या सीटवर पूर्वी मॅनी बसायचा. रुग्णवाहिकेतून गेला त्या दिवसापासून आर्मंडने तिथे कोणाला बसू दिलं नव्हतं. आपली टोपीही तिथे ठेवत नव्हता.

"वासाने इंडिकेटर दाखवला आणि तू वळलास," रोको म्हणाला.

"डावीकडे," आर्मंड शांतपणे म्हणाला. "संत्री भरायची दोन जुनी गोदामं आहेत, कुलूप लागलेली. त्यांच्या मधोमध एक दुकान. पाटी नाही. पण काचा घामेजलेल्या. बाहेरून नाही, लुर्देस, आतून. ऑगस्टमध्ये आतून घामेजलेल्या काचा कुठे पाहिल्यास तू?"

लुर्देसचा अंगठा डब्याच्या कडेवरून फिरत होता.

आर्मंड सांगत होता ते सगळं तसंच घडलं होतं का, हे विचारण्यात अर्थ नाही. आर्मंडला स्वतःलाच काही गोष्टी सांगताना आठवायच्या. पण दाराची मूठ त्याला नक्की आठवत होती. हात चिकटला होता तिला. गावाकडे फेब्रुवारीच्या बर्फात लोखंडाला चिकटतो तसा.

आत थंडी होती. यंत्राची नव्हे, गावाची. जमिनीवर बर्फाचा चिखल आणि त्यात बुटांचे ठसे. काउंटरपाशी स्टुलांची रांग, आणि प्रत्येक स्टुलावर लोकरीचा कोट घातलेला एकेक माणूस, पाठ दाराकडे. कोणी वळलं नाही. कोणी बोलत नव्हतं. शंभर जणांच्या शिफ्टचा गलका जिथे असायचा तिथे नुसता चावण्याचा आवाज, मऊ, एका लयीत.

"आणि काउंटरमागे ताकी," आर्मंड म्हणाला.

रोकोच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या. "कुठला ताकी?"

"आपल्याकडे ताकी होते किती? गिरणीसमोरचा वीनरवाला. ज्याच्या पेटीला आपण दोघांनी खांदा दिला होता तो. तू डाव्या बाजूला होतास आणि सगळा भार माझ्यावर टाकत होतास."

"मी उजव्या बाजूला होतो."

"म्हणूनच."

ताकी तसाच होता. तोच एप्रन, तीच तोंडात न पेटवलेली सिगारेट. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, एक केस नाही. चाळीस वर्षांच्या वाफेने त्या हाताची कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी झाली होती, तशीच. त्याने आर्मंडकडे पाहिलं नाही. काय हवं, विचारलं नाही. त्याने हात आडवा धरला आणि पाव मांडायला घेतले. एक, त्याला लागून दुसरा, त्याला लागून पुढचा. कोपर आलं. ताकी थांबला नाही. कोपर गेलं, दंड यायला हवा होता तो आला नाही, कोपराच्या पलीकडे तोच गुळगुळीत हात पुढे चालूच राहिला, काउंटरच्या कडेकडेने, एकेका माणसाच्या समोरून. ज्याच्या समोरून हात गेला त्याच्या समोर एक पाव. मग उजवा हात. मस्टर्डची काडी, खिम्याचा चमचा, कांद्याची चिमूट, मीठ. सपासप. एकाही माणसाला दुसरा पाव नव्हता आणि एकही माणूस पावाशिवाय नव्हता.

"केवढा लांब होता म्हणालास हात?" रोकोने विचारलं.

"मोजला नाही. पट्टी गाडीत होती."

रोको हसला नाही. तो गाडीला टेकून उभा होता तो बॉनेटवर बसला. बॉनेट तापलेलं होतं, तरी उठला नाही.

"मागे आरसा होता," आर्मंड म्हणाला, "ताकीच्या दुकानात होता तोच, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यात सगळे दिसत होते. ओळीने चेहरे. तो सूतखात्यातला बहिरा लेव्हेस्क, तो कोळशाच्या बोटीवरचा, ती दोघं भावंडं जी एकाच हिवाळ्यात गेली. सगळे दिसत होते. दारात कोणी दिसत नव्हतं. दारात मी उभा होतो, रोको."

घराच्या छपराच्या पत्र्याला उन्हाने ताण बसला आणि तो कडकन वाजला. तिघांनीही वर पाहिलं.

"मॅनी," लुर्देस म्हणाली. त्या सकाळचा तिचा तो पहिला शब्द.

"खिडकीकडचं दुसरं स्टूल."

"अंगात काय होतं?"

"तपकिरी कोट. वरून तिसरं बटण काळं. तुला तपकिरी मिळालं नव्हतं तेव्हा लावलेलं."

"तो कोट मी चर्चला देऊन टाकला. हॉस्पिटलातून आल्या आल्या."

"मग कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचवला," आर्मंड म्हणाला. "बाहीतून हॉस्पिटलची ती पट्टी दिसत होती, नाव लिहिलेली. तेवढी काढायची राहिली होती."

लुर्देसने डबा दोन्ही हातांनी उचलला, जरासा हलवून पाहिला, दुकानातून आणलेलं फळ हलवून पाहावं तसा, आणि परत मांडीवर ठेवला.

"काय करत होता?"

"खात होता. डोळे मिटून. तो कसा खायचा, माहितीये ना तुला? देवळात बसल्यासारखा."

इथे आर्मंडने खिशातून रुमाल काढून मान पुसली. मान कोरडीच होती. पुढचं सगळं सांगायचं तर सांगता येत होतं. कठीण होता एकच भाग.

आधी त्याने सोपा भाग सांगितला. सोपा म्हणजे भीतीचा. सगळ्यांना वाढून झालं, तरी ताकीच्या हातावर एक पाव उरला, अगदी मनगटाशी, नाडीवर. आणि मॅनीच्या शेजारचं एक स्टूल रिकामं होतं. मघाशी होतं की नव्हतं, कोण जाणे. ताकीने तो शेवटचा पाव भरला. मस्टर्ड, खिमा, कांदा, मीठ. मग पहिल्यांदा मान वर केली आणि आर्मंडकडे पाहिलं. वाईट नजर नव्हती ती. गिऱ्हाइकाला उशीर झाला की दुकानदार बघतो, तेवढंच.

"गाव सोडून अकरा वर्षं, लुर्देस," आर्मंड म्हणाला. "अकरा वर्षांत तसा वीनर खाल्ला नव्हता. पाय आपोआप निघाले माझे. स्टुलावर हात ठेवला. गार होतं. बसणार, एवढ्यात मॅनीने डोळे न उघडता पाय लांब केला आणि स्टूल काउंटरखाली सारून दिलं. लाथेनेच. तुम्ही पाहिलंय त्याला तसं करताना. बारमध्ये एखादा आगाऊ शेजारी बसायला आला की करायचा."

"करायचा," रोको हळूच म्हणाला.

"माझा तोल गेला. मी त्याच्या अंगावरच आलो. तेव्हा त्याने माझी बाही धरली. आणि मला दाराकडे लोटलं."

एवढं बोलून आर्मंड थांबला, कारण कठीण भाग इथे होता.

घडलं ते असं होतं. मॅनीच्या पुढ्यातल्या पावावर कांदा होता. थोडाथोडका नव्हे. ताकी त्याच्यासाठी नेहमी मूठभर टाकायचा तसा ढीग होता, पावाच्या दोन्ही अंगांनी घसरून काउंटरवर पडलेला, आणि मॅनी पडलेला कांदाही बोटाने टिपून खात होता. कांद्याने माखलेल्या त्याच बोटांनी त्याने आर्मंडची बाही धरली होती. मग डोळे उघडून, तेच बोट ओठांवर ठेवून, थेट त्याच्या कानात म्हणाला होता, "लुर्देसला सांगू नको."

लग्नाच्या जेवणात, सगळ्या गावासमोर, पाद्री शेजारी बसलेला असताना लुर्देसने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की कांदा खाऊन माझ्या अंथरुणात यायचं नाही. पाद्र्यासकट सगळे हसले होते. मॅनीने छातीवर हात ठेवून वचन दिलं आणि पुढच्याच शुक्रवारी मोडलं. दर शुक्रवारी मोडलं. आर्मंडच्या गाडीच्या कप्प्यात कागदांच्या जागी तोंडाचा वास घालवणाऱ्या पार्सलीची जुडी असायची, आर्मंडच्याच परसातली, आणि मॅनी ताकीच्या दुकानापासून आपल्या गल्लीच्या वळणापर्यंत ती चघळत यायचा. वळणावर दांड्या खिडकीबाहेर टाकायचा. आर्मंडने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मॅनी जिवंत असताना काढलं नाही, ते आता काढायचं? आणि तेही त्याने तिथून, त्या थंडीतून, मुद्दाम कानाशी लागून सांगितलेलं असताना?

मगरीची गोष्ट सांगताना ज्याची जीभ कधी अडखळली नाही, त्याची आता अडखळली.

"बाहेर आलो तर ऊन," तो म्हणाला. "मागे वळून पाहिलं तर दोन गोदामं, आणि मध्ये नुसती सिमेंटची फरशी, तिच्या भेगांतून गवत आलेलं. हात फिरवून पाहिला. फरशी गार होती. ऑगस्टमध्ये. यावर काय म्हणायचं ते म्हण, रोको."

"काही म्हणत नाहीये मी."

"मला म्हणायचंय ते एवढंच. त्याला स्टूल मिळालंय, लुर्देस. खिडकीकडचं. त्याला जे हवं होतं ते त्याच्या पुढ्यात होतं. आता तू तो डबा वूनसॉकेटला ने नाहीतर चंद्रावर ने, त्यात तो नाहीये."

रोकोला काही तरी नेहमीचं बोलायचं होतं. "तुला पत्त्यांना भिडू हवाय, म्हणून हे सगळं."

"हवाच आहे. तुझ्याशी एकट्याशी खेळायचं म्हणजे शिक्षा आहे."

लुर्देसचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती समोरच्या पत्रे ठोकलेल्या घराकडे बघत होती. तिच्या मनात तळघराची खिडकी होती की तपकिरी कोट, हे आर्मंडला कळेना. तिने विचारलं, "काय काय होतं वर?"

"कशावर?"

"त्याच्या पावावर. डोळे मिटून खात होता म्हणालास. वर काय होतं?"

आर्मंडने रुमालाची घडी घातली. उलगडली. परत घातली.

"मस्टर्ड," तो म्हणाला. "खिमा. मीठ." आणि मग, ज्याला जन्मभर सांभाळलं त्याला शेवटचं सांभाळून घ्यावं म्हणून, म्हणाला, "ताकी कांदा टाकायला आला, तर मॅनीने पावावर हात आडवा धरला. म्हणाला, नको. घरी लुर्देस आहे."

लुर्देसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पत्रा पुन्हा एकदा वाजला, पण या वेळी कोणी वर पाहिलं नाही.

"इकडे ये," ती म्हणाली.

आर्मंड गेला. शर्ट कालचाच होता. रात्री त्याने बाही साबणाने दोनदा घासली होती. लुर्देसने ती मनगटापाशी धरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. दर शुक्रवारी दार उघडल्यावर ती मॅनीच्या कॉलरचा असाच वास घेत असली पाहिजे, इतक्या सवयीने. मग बाही न सोडताच तिने मांडीवरचा डबा दुसऱ्या हाताने उचलून रोकोच्या हातात दिला.

"खोटं बोलतोस, आर्मंड," ती म्हणाली. "हात लांब झाला, आरशात तू नव्हतास, सगळं खरं सांगितलंस आणि नेमकं इथे येऊन खोटं बोललास. चाळीस वर्षं कांदा खाऊन, वर बकरीसारखा पाला चघळून यायचा तो, आणि मी एकदाही त्याला कळू दिलं नाही की मला कळतं. रोको, त्याला लिंबाखाली ने आणि बॅगा उतरव. आणि आर्मंड, तू आता खरं सांग, कांदा किती होता?"